मातीची शाळा

घर बांधावयाचे ठरले, की प्रथम कोण येतो? गवंडी, सुतार आणि लोहार हे पुढे येणारच. पण त्यांच्याही आधी एक माणूस त्या जागेवर येतो. त्याच्या हातात थापी नसते, करवत नसते. तो जागेवरून सावकाश हिंडतो. ऊन कोणत्या बाजूने येते ते पाहतो. वारा कोणीकडून वाहतो ते अजमावतो. माती चिमटीत धरून चोळून बघतो आणि त्या घरात जे राहणार असतात, त्यांना नाना प्रश्न विचारतो. हे सारे झाल्यावर मगच तो कागदावर पहिली रेघ ओढतो. या माणसाला वास्तुशिल्पी म्हणतात.

वास्तुशिल्पी हाही कवी किंवा चित्रकार यांच्यासारखाच एक कलावंत होय. परंतु त्याची जबाबदारी अधिक अवघड असते. एखादी कविता आवडली नाही, तर वाचक पुस्तक मिटून ठेवू शकतो. इमारतीचे तसे नाही. घर एकदा उभे राहिले, की त्यात माणसांना सारा जन्म काढावा लागतो. छप्पर गळले, तर त्यांची अंथरुणे भिजतात. भिंती तापल्या, तर त्यांच्या जिवाची काहिली होते. म्हणून इमारत दिसावयास सुंदर असावी, एवढाच विचार करून वास्तुशिल्प्याचे भागत नाही. ती कोणासाठी बांधावयाची, कोठे बांधावयाची आणि कशाची बांधावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला आधी शोधावी लागतात. आजच्या काळातील थोर वास्तुशिल्पी ही उत्तरे कशी शोधतात, हे समजून घ्यावयाचे असेल, तर आफ्रिकेतील एका लहानशा खेड्याची आणि तेथील शाळेची हकीकत जाणून घ्यावी.

पश्चिम आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, बुर्किना फासो नावाचा एक देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. १९६० साली हा देश फ्रेंचांच्या अमलातून स्वतंत्र झाला. त्या वेळी त्याचे नाव अपर व्होल्टा असे होते. १९८४ साली तेथील सरकारने आपल्या देशाला बुर्किना फासो हे नाव दिले. या नावाचा अर्थ ‘सचोटीच्या माणसांची भूमी’ असा आहे. बहुतेक लोक शेती करून राहतात. ज्वारी आणि बाजरी हे त्यांचे मुख्य धान्य. वर्षातील बराच काळ आकाश कोरडे असते आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. मग चार महिने पाऊस पडतो. पण तो असा धो धो कोसळतो, की मातीच्या भिंती पाहता पाहता ढासळू लागतात. दर पावसाळ्यानंतर घरांची डागडुजी करणे, हे तेथील खेडुतांच्या नित्याच्या कामांपैकीच एक काम होते.

याच देशात गान्दो नावाचे एक खेडे आहे. तेथे १९६५ साली डिएबेडो फ्रान्सिस केरे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गावाचे मुख्य होते. परंतु गावच्या मुख्याच्या घरीही वीज नव्हती, की पिण्याच्या शुद्ध पाण्याची सोय नव्हती. आणि गावात शाळा तर नव्हतीच.

फ्रान्सिस लहान असताना त्याची आजी रात्री मुलांना गोष्टी सांगत असे. खोलीत एक मिणमिणता दिवा जळत असे. मुले एकमेकांना बिलगून तिच्याभोवती बसत. आजीचा आवाज त्या लहानशा खोलीत भरून राही आणि बाहेरच्या काळोखाची भीती मुलांच्या मनातून निघून जाई. पुढे जगभर कीर्ती मिळाल्यावर केरे यांनी सांगितले, की वास्तुकलेची पहिली जाणीव आपणांस त्या खोलीत झाली. खोली म्हणजे केवळ चार भिंती आणि वर छप्पर नव्हे. माणसांना जवळ आणते आणि त्यांना निर्भय करते, ती खोली. हा धडा त्यांना कोणत्याही विद्यालयात जाण्यापूर्वीच मिळाला होता.

मुलाने लिहावयास-वाचावयास शिकावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी सात वर्षांच्या फ्रान्सिसला आईबापांना सोडून तेंकोदोगो नावाच्या दुसऱ्या गावी जावे लागले. आपल्या गावातून शाळेत गेलेला तो पहिलाच मुलगा होता. तेथील वर्ग सिमेंटचा बांधलेला होता. एकाच खोलीत शंभराहून अधिक मुले दाटीने बसत. बाहेर सूर्य आग ओकत असे आणि आत वारा येण्यास वाव नसे. खोली भट्टीसारखी तापे. उजेडही पुरेसा नसे. अशा खोलीत गुरुजींच्या सांगण्याकडे लक्ष लागावे तरी कसे? वर्गातील तो उकाडा त्या मुलाच्या मनात कायमचा राहून गेला.

सुट्टीत फ्रान्सिस गान्दोला येई. सुट्टी संपून परत निघण्याची वेळ झाली, की एक गोष्ट दर वेळी घडे. निरोप घेण्यासाठी तो घरोघर जाई, तेव्हा गावातील बायका आपल्या वस्त्रात जपून ठेवलेले एखादे नाणे काढून त्याच्या हातावर ठेवीत. बहुधा ते त्यांच्याजवळचे शेवटचे नाणे असे. या बायका आपणांस पैसे का देतात, हे त्या मुलाला समजेना. त्याने आईला विचारले. आईने सांगितले, की तू शिकून मोठा होशील आणि एक दिवस परत येऊन गावाचे जिणे सुधारशील, अशी त्यांना आशा आहे. त्या नाण्यांनी फार काही विकत घेता आले नसते. पण त्यांचे ओझे मोठे होते. ते ऋण तो मुलगा कधीही विसरला नाही.

१९८५ साली सुतारकाम शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळून केरे जर्मनीस गेले. बर्लिन शहरात ते दिवसा छपरे आणि लाकडी सामान तयार करण्याचे काम शिकत आणि रात्रीच्या शाळेत जाऊन राहिलेले शिक्षण पुरे करीत. दहा वर्षांनी, १९९५ साली, बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात वास्तुकला शिकण्यासाठी त्यांना दुसरी शिष्यवृत्ती मिळाली. त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते. वर्गातील इतर विद्यार्थी आपले शिक्षण पुरे झाल्यावर इमारती बांधण्याची स्वप्ने पाहत होते. केरे यांना तेवढी वाट पाहावयाची नव्हती. गान्दोला चांगली शाळा हवी होती, आणि ती तत्काळ हवी होती.

१९९८ साली, विद्यार्थी असतानाच, त्यांनी काही मित्रांसह एक मंडळ स्थापन केले. गान्दोच्या शाळेसाठी विटा, अशा अर्थाचे त्याचे नाव होते. चहा-कॉफी आणि सिगारेट यांवर उडणारे पैसे वाचवून ते शाळेसाठी द्यावेत, अशी विनवणी ते आपल्या सहाध्यायांना करीत. अशा रीतीने थोडा थोडा करून निधी जमला. आता प्रश्न पैशांचा उरला नाही. प्रश्न विचाराचा होता. शाळा कशी असावी?

सर्वांत सोपे उत्तर डोळ्यांसमोर होते. शहरांतून असतात तशा सिमेंटच्या भिंती उभाराव्यात आणि वर लोखंडी पत्रा घालावा. खेड्यातील लोकांना तेच हवे होते, कारण त्यांच्या दृष्टीने सिमेंट म्हणजे श्रीमंती आणि माती म्हणजे दारिद्र्य. परंतु सिमेंट विकत घ्यावे लागले असते, दूरवरून आणावे लागले असते आणि सारा निधी त्यातच संपला असता. शिवाय सिमेंटची, पत्र्याची खोली उन्हाळ्यात कशी तापते, हे केरे यांनी स्वतःच्या अंगाने अनुभवले होते. आपण जे सोसले, तेच पुन्हा आपल्या गावच्या मुलांना सोसावयास लावावयाचे, हे त्यांच्या मनाला पटेना.

मग गान्दोमध्ये विपुल काय होते? माती होती, दगड होते, आणि काम करणारे हात होते. मातीच्या जाड भिंती दिवसाची उष्णता लवकर आत येऊ देत नाहीत. ती गावातच मिळते आणि तिला पैसे पडत नाहीत. परंतु मातीत एक मोठा दोष होता. पावसात ती टिकत नव्हती. येथे केरे यांनी विचार केला, तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दोष दिसला म्हणून त्यांनी माती टाकून दिली नाही. हा दोष मातीचा, की तिच्या वापराच्या पद्धतीचा, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. मातीला पावसापासून जपले, तर ती का टिकणार नाही? तिच्यात थोडे सिमेंट मिसळून यंत्राने दाबून विटा केल्या, भिंतीखाली दगडी पाया घातला आणि वर भिंतींच्या खूप पुढे येईल असे रुंद छप्पर घेतले, तर पावसाचे पाणी भिंतीला लागणारच नाही. छत्री धरली, की माणूस भिजत नाही; मग भिंतीवरच छत्री धरली तर?

ही कल्पना घेऊन केरे गावी आले आणि शाळा मातीची बांधावयाची, असे त्यांनी सांगितले. ते ऐकून गावकऱ्यांना धक्काच बसला. मातीचे घर एक पावसाळाही नीट काढीत नाही, हे त्यांच्यातील लहान पोरालाही ठाऊक होते. शेतात काम करावयाचे सोडून हा इतकी वर्षे परदेशात शिकला, तो हेच सांगण्यासाठी काय, असे त्यांना वाटले. त्यांचे म्हणणे चुकीचे होते, असे म्हणता येणार नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे ढासळलेल्या भिंती पुन्हा लिंपल्या, त्यांनी शंका घेतली, तर त्यात नवल ते काय? आणि शाळा खरोखरच पहिल्या पावसात कोसळली असती, तर केवळ विटांचीच माती झाली नसती. ज्या बायकांनी शेवटचे नाणे दिले होते, त्यांचा विश्वासही त्या पाण्याबरोबर वाहून गेला असता.

अशा वेळी नकाशे दाखवून उपयोग नव्हता. ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांना कागदावरच्या रेघा काय सांगणार? वाद घालण्यातही अर्थ नव्हता. केरे यांनी एक साधा मार्ग धरला. त्यांनी गावकऱ्यांच्या देखत मातीच्या विटांची एक लहानशी कमान बांधून दाखविली आणि माणसांना तिच्यावर चढावयास सांगितले. माणसे चढली, कमान मोडली नाही. लोकांनी डोळ्यांनी पाहिले आणि पायांनी तपासले. शंका फिटली. तेव्हापासून केरे यांच्या कामाची ही रीतच होऊन बसली. जे सांगावयाचे, ते आधी लहान प्रमाणावर करून दाखवावयाचे.

मग सारा गाव कामाला लागला. मुलांनी पायासाठी दगड गोळा केले. बायकांनी दुरून पाणी वाहून आणले. तरुणांनी विटा पाडल्या. वर्गांची जमीनही मातीचीच केली गेली. प्रथम पुरुष एका रांगेत उभे राहून ती ठोकीत. मग बायका वाकून तासन् तास ती चोपीत. पाणी शिंपीत आणि पुन्हा चोपीत. शेवटी गुळगुळीत दगडांनी ती घोटून काढीत. आपल्याकडे खेड्यांतून मातीची जमीन चोपण्याने चोपून सारवतात, त्याचीच आठवण व्हावी असे ते काम होते. जे कसब गान्दोच्या बायकांच्या हातांत पिढ्यान् पिढ्या होते, त्यालाच या वास्तुशिल्प्याने आपल्या इमारतीत मानाचे स्थान दिले.

छपराची युक्ती तर विशेष समजून घेण्यासारखी आहे. पत्रा पाऊस अडवतो. परंतु उन्हात तो तापतो आणि खाली बसणाऱ्यांना भाजून काढतो. केरे यांनी पत्रा टाकून दिला नाही. तो उचलून धरला. वर्गांवर त्यांनी प्रथम मातीच्या विटांचे एक छत केले आणि त्यात मुद्दाम फटी ठेवल्या. मग त्या छताच्या बऱ्याच वर, सळ्यांच्या हलक्या सांगाड्यावर, पत्र्याचे रुंद छप्पर बसविले. छत आणि छप्पर यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली. ऊन्ह लागले, की पत्रा तापतो. पण त्याच्याखालची तापलेली हवा त्या मोकळ्या जागेतून बाहेर निघून जाते. तिच्या जागी वर्गातील उष्ण हवा छताच्या फटींतून वर चढते आणि खिडक्यांवाटे बाहेरची ताजी हवा आत येते. अशा रीतीने खोलीचा श्वासोच्छ्वास दिवसभर चालू राहतो. त्यासाठी विजेचा पंखा लागत नाही, की कसलेही यंत्र लागत नाही. जो सूर्य पूर्वीच्या वर्गात मुलांना भाजून काढीत असे, त्यालाच येथे वारा खेळविण्याच्या कामी लावले आहे!

छपराचा सांगाडा कशाचा करावा, हाही प्रश्नच होता. मोठमोठ्या लोखंडी तुळया त्या खेड्यात आणणे शक्य नव्हते आणि त्या उचलण्यासाठी यारी कोठून आणावी? म्हणून केरे यांनी बांधकामात नेहमी वापरतात त्या साध्या सळ्या घेतल्या. हाताच्या करवतीने कापावयाच्या आणि वेल्डिंगच्या लहानशा यंत्राने जोडावयाच्या. गावातील तरुणांना त्यांनी हे काम शिकविले. पुढे त्या तरुणांना इतरत्रही बांधकामावर रोजगार मिळू लागला. शाळा बांधता बांधता गावाने एक धंदा हस्तगत केला.

२००१ साली ही शाळा पुरी झाली. एका ओळीत तीन वर्ग, मध्ये सावलीच्या मोकळ्या जागा आणि त्या सर्वांवर एकच लांबलचक छप्पर, अशी तिची रचना आहे. पावसाळे आले आणि गेले. भिंती जागच्या जागी राहिल्या. २००४ साली या शाळेला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. गंमत अशी, की केरे यांनी विद्यापीठाची पदवीही त्याच वर्षी संपादन केली. प्रारंभी शाळेत एकशेवीस मुले होती. पुढे ती संख्या सातशेपर्यंत गेली. साहजिकच नवे वर्ग बांधावे लागले आणि शिक्षकांसाठी घरेही उभी राहिली.

पुढे शाळेच्या ग्रंथालयाचे छत करावयाचे होते, तेव्हा केरे यांनी गावातील बायकांना मातीची मडकी आणावयास सांगितले. बायका डोक्यावर मडकी घेऊन आल्या. त्यांचे तळ आणि काठ कापून टाकले गेले, ती छतावर ओळीने मांडली आणि त्यांच्याभोवती काँक्रीट ओतले. प्रत्येक मडक्याच्या जागी छताला एक गोल झरोका पडला. त्यातून उजेड खाली झिरपतो आणि उष्ण हवा वर निघून जाते. ज्या मडक्यात काल पाणी किंवा धान्य होते, त्यातून आता वाचणाऱ्यांसाठी प्रकाश येऊ लागला. मडके तेच, ते पाहणारी दृष्टी तेवढी नवी.

सर्जन म्हणजे काय, याचे एक उत्तर येथे सापडते. कधीही कोणी न पाहिलेली वस्तू शून्यातून निर्माण करणे, एवढाच सर्जनाचा अर्थ नव्हे. नित्य डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूत दडलेला गुण ओळखणे आणि त्याला योग्य जागी उभे करणे, हेही सर्जनच होय. पैसा अपुरा, साधने तुटपुंजी आणि हवामान कठोर, अशी चोहोबाजूंनी कोंडी झाली असता सामान्य माणूस हात टेकतो. वास्तुशिल्पी त्या अडचणींनाच प्रश्नांचे रूप देतो आणि एकेका प्रश्नाचे उत्तर शोधीत जातो. गान्दोच्या शाळेचे रुंद छप्पर शोभेसाठी पुढे आलेले नाही. ते पावसाचे उत्तर आहे. छताच्या फटी या नक्षी म्हणून ठेवलेल्या नाहीत. त्या उकाड्याचे उत्तर आहेत. तरीही ती शाळा पाहणाऱ्यास सुंदर वाटते. प्रत्येक भाग आपले काम चोख करू लागला, की सौंदर्य त्याच्या पाठोपाठ येते.

परंतु एका ठिकाणचे उत्तर उचलून दुसरीकडे ठेवले, तर ते तेथे लागू पडेलच असे नाही. हे केरे पुरतेपणी जाणतात. केनिया देशातील तुर्काना या रखरखीत प्रदेशात त्यांनी २०२१ साली तरुणांसाठी एक शिक्षणकेंद्र बांधले. त्या परिसरात वाळवीची उंचच उंच वारुळे दिसतात. केरे यांनी ती निरखून पाहिली आणि आपल्या इमारतीवर वारुळांसारखे उंच मनोरे घेतले. आतील उष्ण हवा त्या मनोऱ्यांतून वर जाते. २०१७ साली लंडनमधील एका बागेत त्यांनी उन्हाळ्यापुरता मंडप उभारला, तेव्हा त्याला मोठ्या झाडाचे रूप दिले. आफ्रिकेतील खेड्यांत लोक झाडाच्या सावलीत जमून सुखदुःखाच्या गोष्टी बोलतात, तसे लंडनकरांनीही तेथे जमावे, हा त्यामागील हेतू होता. पाऊस पडला, की छपरावरचे पाणी मधोमध खाली उतरे आणि ते पाहण्यात लोक रंगून जात. प्रश्न तेच, परंतु जागा बदलली, तेव्हा उत्तरही बदलले.

अशा रीतीने विचार करणारे वास्तुशिल्पी आपल्याही देशात होऊन गेले. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यास, लाकडी सामान तयार करणाऱ्या कुटुंबात झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे अहमदाबाद ही आपली कर्मभूमी केली. अहमदाबादचा उन्हाळाही प्रखर असतो. १९८० च्या सुमारास दोशी यांनी तेथे आपली कार्यशाळा बांधली. तिचे नाव ‘संगत’. तिचा काही भाग त्यांनी जमिनीखाली घेतला, कारण भुईच्या पोटात गारवा असतो. वर अर्धगोल छपरे केली आणि त्यांवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांचे आवरण बसविले, म्हणजे ऊन त्यांवरून परावृत्त व्हावे. गान्दोत पत्रा उंच उचलला. अहमदाबादेत खोलीच जमिनीत उतरविली. दोन्ही ठिकाणी सूर्य एकच होता आणि प्रश्नही एकच होता. पण प्रत्येकाने आपापल्या भूमीला विचारून त्याचे उत्तर मिळविले.

वास्तुकलेतील प्रिट्झकर पुरस्कार हा जगात अत्यंत मानाचा समजला जातो. २०१८ साली तो दोशी यांना मिळाला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. २०२३ साली त्यांचे निधन झाले. २०२२ साली हाच पुरस्कार फ्रान्सिस केरे यांना देण्यात आला. हा मान मिळविणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुशिल्पी होत. ज्या गावात शाळा नव्हती, त्या गावच्या मुलाचे नाव साऱ्या जगाने घेतले.

हा गौरव थोर खराच. परंतु गान्दोचा मोठा लाभ निराळाच आहे. आज त्या गावातील सात वर्षांच्या मुलाला शिकण्यासाठी आईबापांना सोडून परगावी जावे लागत नाही. तो सकाळी आपल्या घरून निघतो आणि स्वतःच्या गावच्या शाळेत जाऊन बसतो. त्याच्या वर्गाच्या पायात कोणाच्या तरी मोठ्या भावाने वेचून आणलेला दगड असतो, त्याच्या पायाखालची जमीन कोणाच्या तरी आईने चोपलेली असते. वर छताच्या फटींतून उष्ण हवा निघून जात असते आणि गुरुजी सांगतात ते त्याला नीट ऐकू येते. गावच्या बायकांनी एके काळी जी नाणी दिली, ती अशा रीतीने त्यांच्या नातवंडांच्या हाती परत आली आहेत.

अभ्यास

१. वास्तुशिल्प्याची जबाबदारी कवीपेक्षा अधिक अवघड का असते?
२. गान्दोच्या बायकांनी फ्रान्सिसला नाणी का दिली? त्या नाण्यांचे ओझे मोठे होते, असे का म्हटले आहे?
३. मातीची शाळा बांधण्यास गावकऱ्यांनी प्रथम विरोध का केला? त्यांची शंका कशी दूर झाली?
४. शाळेतील उष्ण हवा बाहेर कशी जाते, ते आकृती काढून समजावून सांगा.
५. कारणे द्या : (अ) छप्पर भिंतींच्या पुढे आणले. (आ) छपरासाठी साध्या सळ्या वापरल्या. (इ) ‘संगत’चा काही भाग जमिनीखाली घेतला.
६. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत उपयोगात आणा : आग ओकणे, हात टेकणे, हस्तगत करणे, जिवाची काहिली होणे.
७. आपल्या वर्गात ऊन, वारा आणि उजेड कोठून येतात, याचे एक दिवस निरीक्षण करा. वर्ग अधिक सुखकर होण्यासाठी गावात मिळणाऱ्या वस्तूंतून काय करता येईल, ते दहा ओळींत लिहा.